पंधराव्या टिपेसाठी डोंगरीला

भाईंदरजवळच्या डोंगरीला जायचं मी ठरवलं ते भीतीपोटी. एरवी आमच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीतून त्या बाजूला माणसं जातात ती समुद्र बघायला, मासे खायला. मी गेले एका टिपेसाठी.

झालं असं, की मी मानवशास्त्रात एमए करतेय आणि उत्तनच्या सुक्या मासळीवर मला प्रबंध लिहायचाय. त्याआधी सरांना टिपांसह संदर्भसूची द्यायची होती: पंधरा लेख-पुस्तकं, प्रत्येकाखाली चार ओळी, आणि शेवटी एक रकाना, 'स्वतः वाचलं'. मी पंधराही खुणा करून मोकळी झाले. त्यातल्या चौदा खऱ्या होत्या. पंधरावा लेख डोंगरीच्या चर्चच्या जुन्या स्मरणिकेतला, लेखक 'डिमेलो, ए.'. तो मला मिळालाच नव्हता. दुसऱ्या एका निबंधात त्याच्याबद्दल दोन ओळी होत्या, त्यावरून मी ठोकून दिलं: 'होड्यांचे वर्णन चांगले, मात्र नजर पुरुषी. बायकांचे काम लेखकाला दिसत नाही.' उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

शुक्रवारी सरांचा मेसेज आला: "डिमेलोंचा लेख पाहायला आवडेल. सोमवारी प्रत आण." आमच्या विभागात नियम सगळ्यांना ठाऊक आहे. न वाचलेली एक टीप सापडली की सूची रद्द, आणि गावात काम करायची परवानगी थेट पुढच्या वर्षी.

शनिवारी सकाळी भाईंदर पश्चिमेला पोचले. रिक्षावाला म्हणाला, "डोंगरी? वापसी खाली आना पडता है, मॅडम. डबल लगेगा." मग मुकाट्याने उत्तनची बस धरली. तुम्हीही बसच धरा. तिकिटाला फुटकळ पैसे लागतात आणि खिडकी मिळाली तर मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागून एक बघता येतात. बिल्डिंगा मागे पडतात, मिठागरं लागतात, वारा खारट होतो. मी मात्र अर्धा रस्ता मनातल्या मनात सरांना देण्याच्या सबबी घोटवत होते.

चर्चच्या ऑफिसात एक काका रजिस्टर लिहीत बसले होते. स्मरणिकेचं नाव काढताच त्यांनी मान हलवली.

"जुनी प्रत आमच्याकडं न्हाय. पण लिवनारीच हाय ना. एग्नेस डिमेलो. मागच्या गल्लीत, निळा दरवाजा."

लिहिणारी! संदर्भसूचीत आपण आडनाव आधी लिहितो आणि नावाचं एकच अक्षर ठेवतो. त्या एका अक्षरावर मी मिशा चढवल्या होत्या.

निळा दरवाजा उघडला तो सत्तरीच्या, चष्मा कपाळावर ढकललेल्या बाईंनी. मी सूची, कॉलेज, प्रबंध असं बरंच काही सांगितलं. एग्नेस आंटींनी खुर्ची दाखवली, समोर चहा आणि फुगे ठेवले. फुगे म्हणजे मैद्याचे तळलेले गोल पाव. कुणी दिले तर नाही म्हणू नका.

"मंजे माज्या लेखावर तू काय तरी लिवलंयस," त्या म्हणाल्या. "वाच बगू."

"आंटी, ते अजून कच्चं आहे..."

"वाच. मोट्यानं."

वाचलं. 'नजर पुरुषी'सुद्धा. आंटी अशा हसल्या की शेजारीण खिडकीत आली.

"अगो, ऐक, मी पुरुष हाय म्हनं!" डोळे पुसत त्यांनी कपाटातून स्मरणिका काढली. "तू वाचला न्हायस ना?"

"नाही," मी म्हटलं. हे एकदाचं तोंडातून बाहेर पडलं आणि खरंच हलकं वाटलं.

"मग आता वाच. मी भात टाकते."

लेख चार पानांचा होता. होड्या फक्त अर्ध्या पानात. उरलेल्या साडेतीन पानांत आंटींचं उत्तनचं माहेर: बोंबील जोडीजोडीने बांबूवर टांगणाऱ्या बायका, त्यांची भांडणं, आणि आजीने आपली वाळवायची जागा सुनेच्या, म्हणजे आंटींच्या आईच्या, हाती कशी दिली ते. माझ्या प्रबंधाला हवं ते सगळं. त्या निबंधवाल्याने बहुतेक पहिलं अर्धं पानच उघडलं होतं, आणि मी तेवढंही नाही. जेवून, पानांचे फोटो काढून दुपारच्या बसने परतले. (ती चुकवू नका, पुढची कधी येईल ते स्टॉपवर कुणीच खात्रीने सांगत नाही.)

घरी आल्यावर आधी सरांना सगळं खरं कळवलं. रविवारी सकाळी उत्तर आलं: "माझ्याकडे येण्याआधी स्वतः तिथे गेलीस आणि खरं सांगितलंस, म्हणून नियम या वेळी बाजूला. नवी टीप पाठव. गावात कामाला कधी जातेस?" मी आनंदाने ओरडलेच. आईला वाटलं मला नोकरी लागली.

नवी टीप पाठवायच्या आधी आंटींना फोनवर वाचून दाखवली. 'सुकवणीतल्या बायकांच्या हक्कांबद्दलचा महत्त्वाचा, पण दुर्लक्षित लेख.'

"दुर्लक्षित कसा?" आंटी म्हणाल्या. "दर सणाला मी सुनांना वाचून दाखवते तो."

मी 'दुर्लक्षित' खोडलं. मग पंधराव्या टिपेसमोर, 'स्वतः वाचलं'च्या रकान्यात, नव्याने खूण केली.