लव्होनिया टिस्डेल माईकसमोर जात नाही

तुमच्या नवऱ्याला श्वास घेता येत नाहीये, अॅम्ब्युलन्स रुळांच्या पलीकडे भोंगा वाजवतेय, आणि मधे मैलभर लांब मालगाडी ढिम्म उभी आहे. काय कराल? डब्यांखालून सरपटत जाल? ती गाडी कधी हलेल हे तिच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं.

ओझेला ब्रॅकेटनं नवऱ्याचा हात धरून ठेवला. तेवढंच तिच्या हातात होतं. गाडी हलली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आमच्या साऊथ हुक वस्तीतलं हे फाटक असं आहे. शाळेत जाणारी पोरं आधी दप्तर डब्यांच्या जोडाखालून पलीकडे ढकलतात, मग स्वतः वाकतात. रेल्वे कंपनी म्हणते, पुढच्या यार्डात जागा नाही. शहर म्हणतं, रूळ आमचे नाहीत. राज्य म्हणतं, अर्ज करा. आम्हाला हवा होता एक पादचारी पूल, आणि तो मिळवायचा तर राज्याच्या पाच आयुक्तांसमोर सुनावणीत उभं राहायला हवं होतं.

इथं लव्होनिया टिस्डेल येते. आम्ही तिला मिस व्हॉनी म्हणतो. उभी हयात तिनं शहराची बस चालवली, आणि त्या हयातीचा मोठा हिस्सा याच फाटकाशी खोळंबून काढला. ती म्हणायची, "माझ्या बसमध्ये रोज चाळीस वाघ डरकाळ्या फोडायचे. अशी भाषणं व्हायची की राज्यपालाला घाम फुटावा! आणि त्याच लोकांना सुनावणीला नेलं की चाळीस शेळ्या. खाली मान, हातात कागद, 'थँक यू सर'."

निवृत्त झाल्यावर माणसं मासे पकडायला जातात. हिनं बंद पडलेलं विगचं दुकान भाड्यानं घेतलं आणि दारावर पाटी लावली: टिस्डेल प्रशिक्षण. धंदा काय, तर वस्तीतल्या माणसांना आपला लढा आपण लढायला शिकवायचं. फी घेऊन.

फी म्हटल्यावर वस्तीचं पित्त खवळलं. समोरचा न्हावी क्लीओफस रस्त्यातूनच ओरडला, "काय व्हॉनी, आता हक्कसुद्धा विकायला काढलेस? नगावर देतेस की वजनावर?"

"तुला फुकट देते, क्लीओ. तुझी जीभ आधीच चालते. जरा पाय चालव आणि आत ये."

तो आत आला, आणि तिनं त्याला समजावलं ते मला पाठ आहे. "मोठ्या संस्थेच्या देणगीवर चालले तर माझी मालकीण ती संस्था. उद्या तिनं सांगितलं की रेल्वेला दुखवू नकोस, की मी गप्प. तुम्ही चर्चमध्ये फिरणाऱ्या दानाच्या थाळीतून पैसे गोळा करून मला नेमलंत, तर मालक तुम्ही. काम आवडलं नाही तर हाकला. कंपनीचे वकील फुकट येतात का?"

क्लीओफस म्हणाला, "तुझ्याशी वाद घालणं म्हणजे बसच्या आरशाशी बोलणं." पण पहिल्या वर्गाला खुर्ची धरून बसला तोच.

दुकानात विगवाल्यानं मागे ठेवलेली थर्मोकोलची मुंडकी होती. व्हॉनीनं त्यातली पाच टेबलावर मांडली. "हे आयुक्त. हे पापणी हलवत नाहीत. खरेही हलवत नाहीत. बोला." आणि एका वेळी एकानं, एकच गोष्ट, दोन मिनिटांत. सुनावणीत प्रत्येकाला मिळतात ती दोनच मिनिटं.

तिचा नियमही एकच होता. आपली दोन मिनिटं कुणाला द्यायची नाहीत, आणि प्रशिक्षकानं माईक धरायचा नाही. "तुमच्या वतीनं मी बोलले, तर पुढच्या वेळी तुम्ही मलाच शोधत याल. तेव्हा मी मेलेली असेन." व्हॉनी उत्तम बोलते हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. म्हणूनच हा नियम सगळ्यांना खुपायचा.

तीन चर्चनी मिळून तिला पुलाच्या कामासाठी नेमलं. तिचं पहिलं मोठं काम. हे हरलं तर पाटी उतरवायची, एवढं सरळ होतं ते.

ओझेला वर्गाला यायची आणि बोलायची नाही. मुंडक्यांसमोर उभी राहिली की रडायची. शेवटी व्हॉनी तिला म्हणाली, "अगं, तुला भाषण करायचंच नाहीये. दुःख त्यांनी खूप ऐकलंय. मान हलवतात आणि जेवायला जातात. तू प्रश्न विचार. असा, की उत्तर फक्त हो किंवा नाही असेल. आणि मग गप्प राहा. गप्प राहायला तुला जमतं ना?"

"तेवढंच जमतं," ओझेला म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. आमच्या सहा जणांनी नावाच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. कुणी शाळेचं बोलणार, कुणी डायलिसिसला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचं, क्लीओफस अडकलेल्या अग्निशामक बंबाचं. ओझेला शेवटची. आणि या सहांव्यतिरिक्त रेव्हरंड पर्विस. ते आमचे सगळ्यात जुने पाद्री, साऱ्या वस्तीची लग्नं आणि मयतं त्यांच्याच हातची. त्यांनी वर्गात पाऊल ठेवलं नव्हतं, पण चिठ्ठी मात्र दिली होती.

अध्यक्षांनी रेव्हरंडांचं नाव पुकारलं, आणि आमच्या लोकांनी तेच केलं जे आमचेच लोक करतात. वडीलधारा माणूस उभा राहिला की चर्चमध्ये आपण खाली बसतो. तीच सवय. आमच्या सहांतली, चर्चचे कारभारी डीकन गेन्स यांची बायको उठली, "मी माझा वेळ आमच्या रेव्हरंडांना देते." पाठोपाठ दुसरी. तिसरा. क्लीओफससुद्धा! बघता बघता पाच जणांनी आपली मिनिटं पंगतीतल्या जिलबीसारखी रेव्हरंडांच्या पानात वाढली.

माझं डोकं सणकलं. मी अर्धा उठलो तर व्हॉनीनं जाकीट धरून मला खाली ओढलं.

रेव्हरंडांनी सुरुवात बायबलातल्या मोशेपासून केली. मोशेसाठी लाल समुद्र दुभंगणार, तेवढ्यात खट्. माईक बंद.

"माझ्याकडे आणखी वेळ आहे," रेव्हरंड म्हणाले. "माझ्या माणसांनी दिलाय."

"वेळ देता येतो, जोडून मिळत नाही," अध्यक्ष कागदातून मान वर न काढता म्हणाले. "नवा नियम आहे, दारावर लावलाय. एका माणसाला दोनच मिनिटं. त्या पाच चिठ्ठ्या वापरल्या गेल्या."

शाळा गेली, म्हातारे गेले, बंब गेला. समुद्र काही दुभंगला नाही. उरली एकटी ओझेला.

सभागृहात कुजबुज उठली, मग आवाज चढले. "ओझेला, तुझी चिठ्ठी व्हॉनीला दे! व्हॉनी, बोल!" हे होण्यासारखं होतं. व्हॉनीनं अजून तोंड उघडलं नव्हतं, तिला पूर्ण दोन मिनिटं मिळाली असती. ओझेला आमच्या रांगेशी आली. चिठ्ठीची आपल्याकडची प्रत तिनं पुढे केली. "घे व्हॉनी. तुझ्या पाया पडते. माझ्यामुळे पूल जायला नको."

रेव्हरंड मागून म्हणाले, "सिस्टर टिस्डेल, हट्ट सोडा. पूल मोठा की तुमचा नियम?"

खरं सांगतो, त्या क्षणी मीही मनात म्हणत होतो, घे बाई, घे ती चिठ्ठी.

व्हॉनीनं हात कोटाच्या खिशात खोल घातले. "रेव्हरंड, मी तोंड उघडलं की ते पाचही जण फोन बघतात. बस चालवायचे तेव्हापासून माझं बोलणं त्यांना पाठ झालंय. हिचं नाही." मग हळूच ओझेलाला, "जा. तुला जमतं तेवढंच कर."

ओझेला माईकशी गेली. घड्याळ सुरू झालं आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. आमचे लोक बिचारे, त्यांना एकच माहीत. चर्चमध्ये कुणी अडखळलं की जे ओरडतात तेच ओरडू लागले, "सावकाश, सिस्टर! घे वेळ!" इकडे लाल आकडे उतरताहेत आणि हे म्हणताहेत घे वेळ!

"माझा नवरा एल्झी," ओझेला शेवटी म्हणाली. "फाटकाच्या अलीकडे वारला. तुम्ही त्या फाटकाशी कधी उभे राहिलात?"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्या दुःखात आम्ही..."

"हो की नाही?"

"आयुक्तांनी प्रश्नांना उत्तर द्यायची पद्धत नाही."

"हो की नाही?"

आणि ती गप्प झाली. नुसती उभी. मागून कुणी 'आमेन' म्हणायला तोंड उघडलं, व्हॉनीनं वळून असं पाहिलं की तो अर्ध्यातच मिटला. सभागृहात फक्त पंख्याची घरघर. अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

"मग मंगळवारी सकाळी शाळेच्या वेळेला याल?"

खट्. माईक गेला. रखवालदार पुढे सरकला. ओझेला जागची हलली नाही. माईकशिवाय, साध्या आवाजात तिनं पुन्हा विचारलं, "हो की नाही?"

टोकाला बसलेल्या आयुक्त बाईंनी स्वतःचा माईक जवळ ओढला. "मी येईन," त्या म्हणाल्या. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्या भरलेल्या रांगांकडे. "बरं. आम्ही येऊ."

ते आले. गाडी उभी होतीच. पहिल्या पोरीनं दप्तर डब्याखालून ढकललं आणि ती वाकणार, तोच त्या आयुक्त बाई किंचाळल्या. चांगले बूट घालून खडीतून धावल्या आणि पोरीला दंडाला धरून मागे ओढलं. कितीतरी वेळ त्यांनी तो दंड सोडला नाही. पोर मात्र चिडली होती, "मला उशीर होतोय!"

पूल झाला का? नाही. सुनावणीच्या दिवशी अर्ज फेटाळायचं घाटत होतं, ते टळलं, एवढंच. मतदान पुढच्या सुनावणीत आहे. रेव्हरंड पर्विसांच्या चर्चनं व्हॉनीचं काम काढून घेतलं. बाकीची दोन टिकून आहेत. ती कुरकुरली नाही. म्हणाली, "नेमणारा काढू शकतो, नाहीतर तो मालक कसला?" पण दुकानाचं भाडं दोन चर्चच्या जोरावर किती दिवस निघेल, हे मला विचारू नका.

पाच आयुक्तांतले दोघे आपल्या बाजूचे आहेत, दोघे नाहीत. अध्यक्षांचं मत कुठे पडेल ते कळत नाही. तेव्हा मतदानाच्या दिवशी काम बाजूला ठेवा आणि या. सभागृह भरायच्या आधी या, आणि अध्यक्षांना तुमचा चेहरा दिसेल अशा खुर्चीत बसा.