अण्णांच्या काढ्यातला गूळ

मंडळी, आज कळलेली माझी चूक सांगून मोकळी होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तीन दिवस फ्लूनं तापलेत. पूर्वी ते गुलमंडीत कापडाच्या दुकानात नोकरीला होते. लहानपणी मी खोकायला लागले, की येताना आलं आणायचे आणि स्वतः काढा उकळायचे. तिखट लागू नये म्हणून लिंबाएवढा गुळाचा खडा टाकायचे. अगदी तसाच काढा मी त्यांना तिन्ही दिवस पाजला. त्यांना मधुमेह आहे, हे ठाऊक असून!

आज दवाखान्यात तपासलं, तर साखर लई वाढलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तापात साखर तशीही चढते, त्यात तुमचा गूळ. साखर चढली की विषाणूशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. मग बरं व्हायला वेळ लागणारच."

बाहेर आल्यावर मी चिडले. "अण्णा, बोलले का नाय?"

"इतक्या मायेनं केला होतास. नाय कसं म्हणू?"

संध्याकाळी बिनगुळाचा काढा दिला. पहिल्याच घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं.

"नाक धरा अन् एका दमात प्या," मी दटावलं.

ते खोकत खोकत हसले. हे वाक्य त्यांचंच होतं.

तुमच्या आईवडिलांचं कोणतं वाक्य आता तुम्हीच त्यांना ऐकवता?