काचेमागचा आकडा

डोळे गेले तेव्हा धंदा सोडा म्हणणारे पुष्कळ निघाले. बंगळुरात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथ मशीनवर सुरुवात करून मी कारखाना उभा केला. मला कोणी घरी बसवावं हे सोसणारं नव्हतं. मी फोन शिकलो. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखालचं सगळं तो वाचून दाखवतो. वाचण्याचा वेग मी इतका वाढवला की शेजारच्याला नुसती गुणगुण वाटावी. वर कानात इअरफोन. कोणाची माय व्याली होती माझं गुपित ऐकायला!

तरीही यशवंतपूरच्या सळ्यांच्या व्यापाऱ्यापुढे मी सारखा हरत होतो. बायको इतरांचे भाव विचारून मला मेसेज करायची, याच्या वर जाऊ नका. आणि हा गृहस्थ नेमका त्याच आकड्यावर अडून बसायचा. मुलगा म्हणाला, "अप्पा, समोरच्याचा चेहरा दिसल्याशिवाय सौदा होत नाही. यापुढे मी जातो." महादेवपुऱ्याच्या आयटी कंपनीत एसीत बसणारा, भाजीचाही भाव न करणारा हा मुलगा! तळपायाची आग मस्तकात गेली. पण डोळ्यांबरोबर अक्कलही गेली की काय, अशी शंका मलाही येऊ लागली होती.

परवा त्याच्या दुकानात गेलो, तेव्हा पुढे दवाखान्यात जायचं म्हणून बायको बरोबर होती. व्यापारी नेहमीसारखा कानडीत गोड: "अण्णा, स्वल्प वाढवा की. तुम्ही घरचेच."

त्याला मराठी कळत नाही. बायको पुटपुटली, "अहो, हा तुमच्याकडे बघतच नाहीये. फोनकडे बघतोय."

"बघेना का. त्यात काय दिसतंय?"

"काय म्हणजे? माझा सकाळचा मेसेज!"

 माझ्यासाठी फोनचा पडदा म्हणजे नुसती गुळगुळीत काच होती. ती इतरांसाठी उजळते, हे डोक्यातच आलं नव्हतं. नजर अधू होती तेव्हा अक्षरं मोठी आणि उजेड पूर्ण करून घेतला होता, तो तसाच राहिलेला. आवाज लपवत होतो आणि आकडा त्याच्यापुढे मांडून बसत होतो.

"कधी बोलली नाहीस ती?"

"मला वाटलं, बाहेर तुम्ही पडदा काळा करून ठेवता. तशी सोय आहे ना त्यात?"

होती. मला त्याची गरजच वाटली नव्हती.

तरी मन मानेना. इतकी वर्षं याच्याकडे चहा प्यालो होतो. मी तिला म्हटलं, "बाहेर जा आणि एक आकडा पाठव. बराच खालचा. मला सांगू नकोस." ती पाणी आणायच्या निमित्तानं उठली. मी फोन टेबलावर उताणा ठेवला, इअरफोन काढला आणि हात मांडीवर घेतले. हिचं चुकू दे, एवढंच मनात म्हणत होतो.

फोन थरथरला. समोरची खुर्ची करकरली.

"सरी अण्णा, बरं बरं. तुमचंही नको, माझंही नको," असं म्हणून व्यापाऱ्यानं एक भाव सांगितला. पडेल भाव.

मी इअरफोन कानात घातला, मेसेजवर बोट ठेवलं. तोच आकडा होता.

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.