कुंडावर घेतलेली परीक्षा

'प्रभाव' हा शब्द मूळचा सौम्य नाही. जुन्या कोशांत पाहिले तर खजिना आणि दंड हाताशी असल्याने राजाच्या ठायी येणारे तेज, असा त्याचा अर्थ सापडतो. ज्याच्या शब्दाने दुसऱ्याचे बरेवाईट होऊ शकते, त्याच्याजवळ असते ती गोष्ट. पुढे शब्द झिजला. वक्त्याचा प्रभाव पडू लागला, औषधाचा पडू लागला. आणि आता लोणावळ्यात, तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर, जिथे मी निवृत्तीनंतर जाहिरातींचे मराठी तपासायला बसतो, तिथे भिंतीवरच्या फळ्यावर 'प्रभावकां'ची नावे लिहिली जातात. इन्फ्लुएन्सरला हा प्रतिशब्द मीच दिला. कार्यालयाचा मालक केदार माझा जुना विद्यार्थी. शब्द ऐकून तो म्हणाला होता, "सर, शब्द भारी आहे, पण पोस्टरवर मावत नाही!"

अशा ठिकाणी किस्से फार साचतात. पावसाळ्यात लोणावळ्याच्या भिंतींना बुरशी धरते, तसे ते धरतात. कोणी आणून लावत नाही, आणि पुसून जात नाहीत.

*

आमचे काम सांगायला सोपे आहे. रिसॉर्टवाला, चिक्कीवाला, बंगले भाड्याने देणारा येतो आणि विचारतो, "माझी जाहिरात कोणाच्या तोंडून करू?" ते तोंड शोधून देणे हा आमचा व्यवसाय.

सुरुवातीला आम्ही पुण्याचा एक देखणा तरुण निवडला. त्याला लाखो अनुयायी होते. तळ्याजवळच्या नव्या रिसॉर्टच्या उद्घाटनाला त्याने सर्वांना व्हिडिओतून आमंत्रण दिले. मांडव झाला, ढोल आले, सरबताचे पेले मांडून झाले. दुपारपर्यंत दोन बायका आल्या. मालक हरखून पुढे झाला, गुलाब दिले, फोटो काढले.

एक त्या तरुणाची आई निघाली, दुसरी मावशी!

आकडे पाहणाऱ्या रुचाला मी विचारले, "अगं, हे लाखो लोक राहतात तरी कुठे?"

"बहुतेक कुठेच नाही, सर," स्क्रीनवरून नजर न काढता ती म्हणाली. "विकत घेतलेत."

केदारने फळा पुसला आणि मागे वळून आम्हाला व्याख्या दिली. "ज्याच्या सांगण्यावरून माणूस उठून पायात चप्पल घालतो, तो इन्फ्लुएन्सर. बाकी सगळे नट!"

आयुष्यभर व्याख्या तपासल्या आहेत. हिच्यात मला आजही दोष सापडत नाही.

*

मग शिरगावचा किस्सा. तिथल्या देवळातून रोज दर्शनाचा व्हिडिओ टाकणारे एक सज्जन होते. त्यांचे अनुयायी खरे, श्रद्धाळू, ऐकणारे. जवळच्या शाकाहारी हॉटेलसाठी आम्ही त्यांना गाठले. त्यांनी मनापासून सांगितले, "गुरुवारी दर्शनाला या आणि या हॉटेलात अवश्य जा."

गुरुवारी हॉटेल भरून वाहिले. संध्याकाळी मालकाचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"अहो, माणसं आली, बसली, पाणी प्यायली आणि गेली!"

त्याच व्हिडिओत त्या सज्जनांनी गुरुवारचा कडक उपवासही सांगितला होता. लोकांनी दोन्ही गोष्टी ऐकल्या.

आम्ही हसलो. केदार मात्र हसला नाही. "देवाचा प्रभाव किती आणि ह्यांचा किती, हे कसं कळणार?" तो म्हणाला. "परीक्षा अशी जागा दाखवून घ्यायला हवी, की तिथे एरवी कुत्रंही जात नाही."

*

तशी जागा बबनने दाखवली. बबन आंदर मावळात जीप चालवतो. एसटी जिथून मागे फिरते, तिथून डोंगर चढून गेले की एक कुंड लागते. काळा दगड, वरून पडणारी धार, शेवाळलेला काठ. पाटी नाही, टपरी नाही. तिथे परका माणूस दिसला, तर तो कोणीतरी सांगितल्यावरूनच आलेला असणार. केदारला हे फारच आवडले. तीन इच्छुक प्रभावकांनी एकेका आठवड्यात कुंडाचे नाव घ्यायचे, आणि रविवारी वाटेवर कोण येते ते बबनने कळवायचे, असे ठरले.

पहिल्याच्या रविवारी कोणी आले नाही. दुसऱ्याच्या रविवारी एक जोडपे आले. त्यांनी बबनला विचारले, "दादा, इथे कॅफे कुठे आहे?" त्याने डोंगराकडे बोट दाखवताच ते गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत!

तिसरी होती शोभाताई.

*

ती कुंडाखालच्याच गावची. भातशेती, दोन म्हशी, आणि चुलीपुढे बसून केलेले व्हिडिओ. अनुयायी मोजके. ती रुचाला सापडली, त्याचे कारण मला विलक्षण वाटले. "सर, हिच्या व्हिडिओखाली कोणी छान-सुंदर लिहीत नाही," रुचा म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसं केलं, असं लिहितात."

आम्ही तिच्या घरी गेलो. पडवी नुकतीच सारवलेली, भिंतीशी स्टीलची कोरी ताटे उपडी मांडलेली. नवरा तळेगावच्या कारखान्यात कंत्राटावर; तिकडेच खोली करून राहायचा.

"पाव्हनं जेवायला येऊ लागलं, तर ह्यास्नी घरी आनता यील," ती म्हणाली. तिला एवढेच हवे होते, आणि ते तिने लपवले नाही.

केदारने कुंडाचे नाव काढताच तिच्या कपाळाला आठी पडली. "कुंडाचं कशाला? माझ्या घराचं सांगते की."

"आधी कुंड, ताई. मग घर. परीक्षा आहे तुमची."

"बरं. पन पान्यात उतरू नका, हे बी सांगनार. आमी तितं म्हसरं बी सोडत न्हाई."

"सांगा की! बिनधास्त सांगा."

तिने सांगितले. "आमचं कुंड बघायला या. पान्यात उतरू नका." दोन वाक्ये, दोन्ही स्वच्छ. मला त्यांत काही दुरुस्त करावे लागले नाही.

*

त्या रविवारी बबनचा फोन आला. "साहेब, गाडी वळवायला जागा न्हाई! लोकं खालनंच पायी निगाल्यात!"

केदारने टेबलावर मूठ आपटली. "सापडली!"

फळ्यावर तिचे नाव सर्वांत वर गेले. दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. "गुर्जी, ताटं कमी पडली! शेजारनं आनली. ह्यांनी कंपनीत सांगून टाकलं, आता येत न्हाई म्हनून."

पुढच्या रविवारी कुंडात बुडून एक मुलगा गेला. पिंपरीकडचा, नोकरीला नुकताच लागलेला. काठावरून मित्र त्याचा व्हिडिओ काढत होते.

तिने दोन वाक्ये सांगितली होती. लोकांनी पहिले ऐकले.

*

त्याच आठवड्यात एका रिसॉर्टवाल्याचा फोन आला. केदारने सवयीने तो स्पीकरवर घेतला.

"ती आंदर मावळातली बाई आम्हाला मिळेल का? फार वाईट झालं हो ते. पण लोक तिचं किती ऐकतात बघा!"

रुचा उठून बाहेर गेली. केदार फोन ठेवून फळ्यापाशी गेला. पुसला मात्र नाही.

*

शोभाताईंनी तो व्हिडिओ काढून टाकला. तोवर इतरांनी तो उचलून आपापल्या पानांवर लावला होता. मग त्यांनी दुसरा केला, "कुंडावर येऊ नका." गर्दी दुप्पट झाली. ग्रामपंचायतीने दोरी बांधली; लोक दोरीला टेकून फोटो काढू लागले. शेवटी त्या स्वतः वाटेवर काठी घेऊन उभ्या राहिल्या.

"ताई, तुम्हीच का त्या? एक सेल्फी!"

"माघारी जा म्हनते ना!"

"जातो हो. तुमच्यासाठी तर आलो! तो नेमका कुठं गेला, तेवढं दाखवा. आम्ही नाही उतरत."

दोरीपलीकडे उतरलेल्या एका पोराला गावकऱ्यांनी केसाला धरून बाहेर काढले. वर आल्यावर त्याने पहिल्यांदा विचारले, "माझा मोबाइल कुठंय?"

त्यानंतर शोभाताई तुंगार्लीला आल्या. मी त्यांच्यासाठी सूचना लिहून ठेवली होती. धोक्याचा उल्लेख, कायद्याचा उल्लेख, विनंती. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि घडी करून मला परत दिली.

"गुर्जी, चांगलं लिवलंय. पन 'नका' म्हटल्यालं ह्यांना ऐकू येत न्हाई. 'या' म्हटल्यालं तेवडं येतं."

मग त्यांची नजर फळ्यावर गेली.

"ते वरचं माजं नाव हाय व्हय?"

"हो," केदार खाली पाहत म्हणाला.

"पयलं?"

"हो."

"म्हंजी मी म्हनंल तितं जात्यात लोकं."

त्यांनी चहा घेतला नाही.

*

दोन दिवसांनी त्यांचा नवा व्हिडिओ आला. त्या स्वतःच्या भातखाचराच्या बांधावर उभ्या होत्या. लावणी नुकतीच झालेली, रोप हिरवेगार. मागे त्यांचे घर आणि खाचराला लागून वाहणारा ओहोळ.

"ज्यांना बगायचंय त्यांनी हितं या," त्या म्हणाल्या. "तो हितं गेला. त्या दिशी पानी चढलं हुतं. वर डोंगरात काय न्हाई."

लोक आले. थोड्याच दिवसांत लोकांनी मोबाइलच्या नकाशावरची कुंडाची खूणही आपण होऊन खाचरात आणून ठेवली.

मी बबनच्या जीपमधून तिथे गेलो, तो आडवार होता. तरी पाच-सहा माणसे होती. खाचरात रोप राहिलेच नव्हते. पावलांनी चिखलाचा काला झाला होता. बांधावर झेंडू, विझलेल्या उदबत्त्या, पाण्याच्या बाटल्या. एक मुलगी ओहोळात उभी राहून डोळे पुसत स्वतःचे चित्रण करत होती. पाणी तिच्या घोट्यांपर्यंत होते.

"एवड्या पान्यात मानूस बुडतो व्हय, हे एकानं बी इचारलं न्हाई, गुर्जी!" बबन म्हणाला. "पन वर एक जन जात न्हाई आता."

पडवीतली ताटे पोत्यात बांधून ठेवलेली होती. नवरा तळेगावला परत गेला होता.

*

हा किस्सा लोणावळ्यात आता चहाबरोबर सांगितला जातो. बाई हुशार, मेलेल्या पोराची जागा तिने स्वतःच्या दारात आणून धंदा केला, असे सांगतात. शेवट ठरलेला आहे. त्या पोराच्या आईलासुद्धा तिने त्या डबक्यालाच फुले वाहायला लावली!

ते चुकीचे आहे. मी गेलो त्याच दिवशी ती आई आली होती. हातात फुलांचा पुडा होता. बांधापाशी येऊन तिने चपला काढून ठेवल्या. शोभाताई घरातून धावत आल्या, त्या चपला उचलून त्यांनी तिच्या पायांशी परत ठेवल्या आणि डोंगराकडे पाहत हळूच म्हणाल्या, "घाला, मावशी. लांब हाय अजून."

तिने चपला घातल्या.