साडीच्या खोक्यातलं ग्रहण

कोरमंगल्याच्या ऑफिसात मीटिंग चालू होती आणि समीरचा फोन मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कळलं, हा फोन दूध संपल्याचा नाही. "अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. जेवून खुर्चीत बसल्या होत्या, डोळा लागलाय असं त्याला वाटलं... जयनगरला पोचेपर्यंत ऑटोत माझ्या डोक्यात सकाळचं बोलणंच फिरत होतं. अक्का छातीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "स्वल्प जड वाटतंय ग." मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊया. "अय्यो, गॅस असेल. तू जा, तुझी मीटिंग आहे ना." आणि मी गेले. त्याला आता सहा आठवडे झाले.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरात. घरात मराठी, पण निम्मी कन्नडात बुडवून काढलेली. मी साताऱ्याची, नोकरीसाठी आले आणि समीरशी लग्न करून इथेच राहिले. पहिले दोन महिने अक्कांचं बोलणं ऐकून मी नुसती मान हलवायचे. मग एक दिवस भाजीवाल्याला मीच "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणाले आणि अक्का पिशवी खाली ठेवून हसत सुटल्या. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून मीही.

तीस वर्षं त्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. साहेबांनी काढलेली यंत्रांची चित्रं पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायची, हे काम. हात असा की पोळीसुद्धा कंपासनं आखल्यासारखी. आणि सोवळं-ओवळं, सण-वार तितकंच काटेकोर. एक रेघ इकडची तिकडे नाही. मला सुरुवातीला याचा भारी राग यायचा. इतकी हुशार बाई हे सगळं कसं मानते, असं मी समीरला विचारायचे, आणि तो शहाण्यासारखा गप्प बसायचा.

दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, ते खंडग्रास ग्रहण आलं तेव्हा मला पाचवा महिना होता. त्याच्या आदल्या वर्षी आमचं एक मूल पोटातच गेलं होतं. तेव्हा नात्यातल्या बायका माझ्यासमोर हळहळल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजल्या, पपई खाल्ली असेल, स्कूटरवरून ऑफिसला जायची ना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुमचं काही चुकलं नाही. तरी कित्येक महिने मी मनातल्या मनात तोच रस्ता परत परत तुडवत होते, प्रत्येक खड्डा मोजत. हे मी कुणाला बोलले नव्हते. अक्कांनाही नाही.

ग्रहणाच्या दोन दिवस आधी अक्कांनी पंचांग उघडलं आणि जाहीर केलं, "ग्रस्तास्त आहे." म्हणजे सूर्य ग्रहण लागलेल्या स्थितीतच मावळणार, सुटलेला दिसणार नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशी अख्खा सूर्य डोळ्यांनी बघेपर्यंत त्या जेवत नसत. गरोदर बाईला जेवणाची सूट, पण ग्रहण संपेपर्यंत तिनं बंद खोलीत बसायचं. चाकू, सुई, कात्री, कशालाही हात लावायचा नाही. मी उसळलेच. "अक्का, मी इंजिनीअर आहे. सावलीचा खेळ आहे नुसता. समीरनं गच्चीवरून बघायला चष्मेसुद्धा आणलेत." अक्का पंचांग मिटत म्हणाल्या, "चष्मा बेड. खोलीत बस." बेड म्हणजे नको, आणि त्यांच्या बेडवर अपील नसायचं. मी त्या रात्री त्यांच्याशी धड बोलले नाही.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी अक्का पश्चिमेच्या खोलीत काहीतरी खुडबुड करत होत्या. साडीचे रिकामे खोके कापून त्यांनी खिडकीच्या काचांवर चिकटवले होते. "ग्रहण लागायच्या आत हत्यारं आवरायला हवीत," असं पुटपुटत त्यांनी ड्रॉइंग ऑफिसातला जुना कंपास काढला आणि एका पुठ्ठ्यात नेमक्या मापाचं छिद्र पाडलं. मला वाटलं, हवेसाठी असेल.

पाच वाजता मला खोलीत बसवून दार लावलं. आम्ही दोघीच. अंधारात मी फुगून बसले होते. गच्चीवरून पोरांचा आरडाओरडा ऐकू यायला लागला तशी अक्का म्हणाल्या, "तिकडे काय बघतीस? भिंतीकडे बघ." समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पाणीपुरीच्या पुरीएवढा सूर्य पडला होता. आणि त्याची एक कड कुणीतरी चावल्यासारखी तुटलेली होती! मी ओरडलेच. अक्का ऐटीत म्हणाल्या, "उलटं दिसतं, ध्यानात ठेव. छिद्रातून चित्र उलटंच येतं." बाहेर सूर्य उतरत होता आणि भिंतीवरचा सावकाश वर चढत होता. मध्ये एक ढग आला, सूर्य पुसला गेला, आम्ही दोघी श्वास रोखून बसलो, आणि तो परत उमटला. अक्का भिंतीजवळ जाऊन उभ्या राहिल्या, हात पुढे केला, तर तो तुटका सूर्य त्यांच्या तळहातावर आला. "बघ, धरलं," म्हणाल्या. त्या वेळी त्या सात वर्षांच्या मुलीसारख्या दिसत होत्या. नियमही मोडला नव्हता आणि माझं ग्रहणही चुकलं नव्हतं. समोरच्या इमारतीमागे सूर्य गेला, भिंत विझली, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

ग्रहण संपल्यावर आंघोळी झाल्या, मला गरम सारू-भात वाढला, आणि स्वतः मात्र त्या तशाच उपाशी झोपल्या. सकाळी गच्चीवरून खाली आल्या त्या हसतच. "अख्खा आला ग. चल, आता जेवू." सकाळी सात वाजता आम्ही दोघींनी पोटभर उप्पिट्टू खाल्लं.

ईशा झाली तेव्हा दवाखान्यात मी त्यांना चिडवलं, "म्हणजे तुम्ही ग्रहण पाळलंत म्हणून सगळं नीट झालं, असंच ना?" अक्का बाळाच्या मुठी उघडून बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मी काय राहू-केतूला भेटलेय? पण काही कमी-जास्त झालं असतं, तर लोकांनी त्या गच्चीकडे बोट दाखवलं असतं. लोकांचं मरू दे. तू दाखवलं असतंस. जन्मभर." मग बाळाची मूठ परत मिटवत म्हणाल्या, "मागच्या वेळचा तो स्कूटरचा रस्ता मनात अजून तुडवतीस, मला दिसतं की." इतकी वर्षं ज्याला मी त्यांचा हट्ट म्हणत होते, त्याच्या आडोशाला मीच बसले होते. आणि ही बाई तिथे उपाशी राहून पहारा देत होती.

नंतर त्या खोलीत ईशाचा पाळणा आला. बाकीचे पुठ्ठे निघाले, पण छिद्राचा पुठ्ठा अक्कांनी काढू दिला नाही. "राहू दे, उन्हाला आडोसा." अजून तिथेच आहे.

या सहा आठवड्यांत मी पुन्हा एक रस्ता तुडवायला घेतला होता, त्या सकाळचा. थांबले असते तर... ऑटो बोलावून जबरदस्तीनं नेलं असतं तर... जेवण घशाखाली उतरत नव्हतं. समीर सांगून दमला. काल संध्याकाळी ईशाला उठवायला त्या खोलीत गेले, तर बाकीच्या काचांवर पडदा ओढलेला आणि भिंतीवर सूर्य पडलेला. हळूहळू वर चढत होता. मी हात पुढे केला आणि तो तळहातावर आला. गोल, कुठेही न तुटलेला. ईशा डोळे चोळत बघत होती. ती म्हणाली, "अम्मा, कशाला रडतेस?"

"तू जा, तुझी मीटिंग आहे ना," असं अक्काच म्हणाल्या होत्या. बोट दाखवायला त्यांनी मला या वेळीही काही ठेवलं नव्हतं... मीच शोधत बसले होते.

"अख्खा आला ग," मी ईशाला म्हटलं, आणि तिला कडेवर घेऊन जेवायला गेले.