भिंतीवरची मंगलाबाई

भिंतीवर माझा फोटो होता. खाली नाव दुसऱ्याच बाईचं.

मंगलाबाई. वय पन्नास. शिक्षण नाही. झोपडपट्टीत राहते. मशीनला घाबरते. सांगितलेलं लगेच विसरते. बदल नको असतो.

फोटोतली बाई मीच. निळा गणवेश, मास्क हनुवटीखाली, तोंड अर्धवट उघडं. कुणीतरी पेनानं डोक्यावर तीन प्रश्नचिन्हं काढली होती.

मी बेचाळीस वर्षांची. बारावी पास. त्यावर एक वर्षाचा रुग्णसेवेचा कोर्स. वाडीला भाड्याच्या पक्क्या घरात राहते. सोळा वर्षं झाली, रामदासपेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलात आया आहे. सक्शन मशीन अडलं की नवीन सिस्टर आधी मलाच हाक मारतात.

फोटो कधी काढला ते आठवलं. महिनाभरापूर्वी दोघं जण वॉर्डात आले होते. श्रेयस आणि अनन्या. आमच्यासाठी नोंदी लिहायचा टॅब बनवणाऱ्या कंपनीचे. ऑफिस हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत. दहा मिनिटं थांबले. मी एका जाड पेशंटला एकटीनं कुशीवर वळवलं होतं, धाप लागली होती. तेवढ्यात फोन वर झाला आणि क्लिक. विचारलं नाही.

आता ते आम्हा आयांना एकेक करून ऑफिसला बोलावत होते, आणि त्या दिवशी नंबर माझा होता. टॅब वापरून दाखवायला. बसायला सांगितलं तिथंच समोर ही भिंत.

"हे मी हाय," मी म्हणाले.

श्रेयस हसला. सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगा. स्वच्छ बोलणारा, स्वच्छ बूट घालणारा. "नाही मावशी. हे काल्पनिक पात्र आहे. वापरणारे कसे असतात ते डोळ्यांसमोर राहावं म्हणून बनवतो आम्ही. फक्त चेहरा तुमचा घेतलाय."

"आन् शिक्षण नाही, हे कोणी सांगतलं?"

"तुम्ही म्हणजे तुम्ही नाही ना. तुमच्यासारख्या बायका."

तुमच्यासारख्या. पुढचं सांगायची गरज नव्हती.

त्या फोटोच्या शेजारीच इंग्रजीत एक मोठं पोस्टर होतं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. अर्थ असा, की वापरणारा चुकत नाही, बनवणारा चुकतो. चांगल्या जाड कागदावर छापलं होतं.

मी तेव्हाच उठून यायला पाहिजे होतं. नाही उठले. खुर्चीवर बसले. तेच मला आजही टोचतं.

अनन्यानं कागदावरून वाचून दाखवलं, "मावशी, आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, टॅबची घेतोय. मोकळेपणानं वापरा." मग तिनं कॅमेरा चालू केला. समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा.

काम साधं होतं. सात नंबरच्या खाटेची युरीन साडेतीनशे, एवढं लिहायचं. रोज आम्ही कागदावर लिहितो. अर्ध्या मिनिटाचं काम. टॅबवर मी 'युरीन' शोधलं. नव्हतं. 'मूत्रविसर्जन परिमाण' होतं. सोळा वर्षांत वॉर्डात हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. ना डॉक्टरच्या, ना पेशंटच्या. वाचला, समजला, पण वेळ गेला. साडेतीनशे टाकले. खाली दोन बटणं. दोन्ही राखाडी, एकाच मापाची, एकमेकाला चिकटून. 'जतन' आणि 'रद्द'. माझ्या फोनवर 'ओके' उजवीकडं असतं. बोट उजवीकडं गेलं. सगळं पुसलं गेलं. "खरंच पुसू का?" एवढंही टॅबनं विचारलं नाही.

पुन्हा सुरू केलं. मघाशी काय चुकलं ते आठवायला थांबले, तर स्क्रीन काळी. टॅब परत उघडायचा कोड मागू लागला.

आणि प्लायवूडच्या भिंतीपलीकडून हसू आलं. पाच-सहा जण असतील. तिथं टीव्हीवर त्यांना माझा चेहरा मोठा करून दिसत होता.

"मंगलाबाई हरवल्या!" कुणीतरी ओरडलं.

"मले, तुले, काहून, मले, तुले," दुसऱ्यानं माझी नक्कल केली. पुन्हा हसू.

अनन्या कागदात बघत राहिली. तिला ऐकू आलं होतं. तिचे कान लाल झाले होते.

जाताना श्रेयस दारापर्यंत आला. "मनाला लावून घेऊ नका मावशी. वापरणारे असेच असतात." त्यानं मला बिस्किटाचा पुडा दिला. मी तो घेतला. बसस्टॉपवर कुत्र्याला घातला. पण घेतला हे खरं.

माझ्या आजोबांनी छप्पन साली याच शहरात धम्म घेतला. पायी आले होते, काटोलकडून. त्यानंतर आमच्या घरातली एकही पोरगी शाळेवाचून राहिली नाही. आई चौथी शिकली, मी बारावी. आणि एका पोरानं दहा मिनिटं पाहून लिहिलं, शिक्षण नाही. मी वाडीपर्यंत बसमध्ये उभी होते. सीट रिकामी होती तरी बसले नाही. बसायचं नव्हतं मला.

दोन दिवसांनी मेट्रन सिस्टरनं आम्हा चौदा आयांना बोलावलं. कंपनीचा अहवाल आला होता. टॅब उत्तम आहे. अडचण बायकांची आहे. चौदातल्या नऊ जणींना जमणार नाही. त्यांना धुलाईखान्यात टाकावं, वॉर्डात तरुण मुली आणाव्यात. शेवटचा निर्णय मोठे सर घेणार, शुक्रवारी, कंपनीच्या माणसांसमोर. मोठे सर म्हणजे हॉस्पिटलचे मालक डॉक्टर.

नऊ जणींत मी होते. निर्मला पण होती. निर्मला माझ्याबरोबरची. तिच्या हाताखाली मरणाच्या दारातली माणसं वाचलीत, कारण पेशंटचा रंग बदलला की सगळ्यांत आधी तिलाच कळतं. पायऱ्यांवर बसून ती म्हणाली, "काय वं, आपल्यालेच समजत नसन ना?"

तिथं माझं डोकं फिरलं. माझ्यावर हसले ते मी गिळलं असतं कदाचित. पण निर्मला स्वतःवर शंका घेत होती. त्या पोरांचं लिहिलेलं खरं मानू लागली होती.

"आपल्याले चांगलं समजते," मी म्हणाले. "थांब तू. मी दाखवतेच त्याले."

वॉर्डात दोन टॅब वापरून बघायला ठेवलेच होते. शुक्रवारपर्यंत मी एकच काम केलं. पाहिलं. कोणत्या बाईचा हात कुठं अडतो. का अडतो. दर वेळी आहाराच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून ठेवलं. ओल्या हातमोज्यानं स्क्रीन चालत नाही. आणि वॉर्डात आमचे हातमोजे कोरडे असतात कधी? एका हातात भांडं असतं, टॅब दोन हात मागतो. मधेच पेशंट हाक मारतो, परत येईस्तोवर स्क्रीन बंद. खिडकीजवळच्या खाटांवर उन्हात काही दिसत नाही. जी बटणावर चुकली, ती प्रत्येक जण त्याच बटणावर चुकली. म्हणजे बाई चुकत नव्हती.

जे काम त्यांनी करायचं होतं ते मी केलं. त्यांचं शिक्षण त्याच कामाचं. मला कुणी शिकवलं नव्हतं. मी फक्त माणसाकडं बघितलं.

शुक्रवारी दुपारी पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसले सगळे. मोठे सर, मेट्रन सिस्टर, कंपनीची माणसं खुर्च्यांवर. आम्ही चौदा जणी मागं भिंतीला टेकून उभ्या. श्रेयस बोलत होता. बोलता बोलता त्यानं व्हिडिओ लावला.

माझा व्हिडिओ.

पडदाभर माझं तोंड. बोट हवेत. स्क्रीन काळी झाल्यावर मी कपाळाला आठ्या घातल्या, ते त्यानं थांबवून दाखवलं. "ही आमची मंगलाबाई," तो म्हणाला. मोठे सर हसले. खुर्च्यांवरचे सगळे हसले.

मी पुढं गेले. पडद्यासमोर उभी राहिले.

"व्हिडिओ बंद करा, सर. माझं नाव मंगलाबाई नाही."

मेट्रन सिस्टर म्हणाल्या, "मागे जा." मी नाही गेले.

"सर, तुमी म्हणता आमाले जमत नाही. ठीक हाय. ज्यानं बनवलं त्याले जमते का, एकदा पाहा. पाच मिनिटं."

मोठ्या सरांना गंमत वाटली असावी. त्यांनी हात हलवला. "बघू या. श्रेयस, करा."

मी सगळं तयार ठेवलं होतं. ट्रॉलीवर युरीनची पिशवी, आत चहाचं पाणी. मोजायचं भांडं. हातमोजे मी मुद्दाम एक साईज लहान घेतले होते. लपवणार नाही. वॉर्डात आम्हालाही मापाचे मिळत नाहीत. पण मी मुद्दाम घेतले.

त्याला ते घालता येईनात. दोन फाटले. मग कसेबसे दोन चढले. पिशवी रिकामी करताना हातमोजे भिजले. उजव्या हातात भांडं, डाव्या हातानं टॅब. स्क्रीन हलेना. त्यानं बोट शर्टाला पुसलं. पुन्हा हलेना.

मी निर्मलाकडं पाहिलं.

"मावशी, उलटी होऊन राहिली वं!" निर्मला ओरडली.

"मावशी, पाणी!" दुसरी.

"मावशी, सलाईन संपली!" तिसरी. बाकीच्या तेरा जणींनी वॉर्ड उभा केला.

श्रेयसनं मान वळवली. परत पाहिलं तर स्क्रीन काळी. कोड टाकला, चुकला. पुन्हा टाकला. आकडा लिहिला आणि घाईत उजवं बटण दाबलं. स्वतःच्या हातानं बनवलेलं बटण. सगळं पुसलं गेलं.

"पुन्हा करा," मी म्हणाले.

दुसऱ्यांदा भांडं कलंडलं. चहाचं पाणी त्याच्या बुटांवर. त्याच्या कानामागून घाम उतरत होता. मग आम्ही हसलो. चौदा जणी, पोट धरून. त्या हॉलमध्ये आमचं हसू याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

"मनाले लावून घेऊ नका," मी त्याला म्हणाले. "वापरणारे असेच असतात."

मोठे सर उठले. "पुरे." टॅबचं काम त्यांनी तिथंच थांबवलं. आमच्यासाठी थांबवलं असं मी मानत नाही. नोंदी पुसल्या गेल्या तर पेशंटचे नातेवाईक त्यांना धरतील, एवढं त्यांना कळलं. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. मेट्रन सिस्टरनं तो उचलून नीट वाचला. नऊ जणी वॉर्डातच राहिल्या.

आठवड्यानं श्रेयसनं पाकीट पाठवलं. आत नवं कार्ड. फोटो तोच, प्रश्नचिन्हं पुसलेली. खाली लिहिलं होतं, कष्टाळू मंगलाबाई, आमची प्रेरणा. सोबत चिठ्ठी, आमच्याकडे सल्लागार म्हणून याल का.

मी त्यांच्या ऑफिसात गेले. भिंतीवरचं जुनं कार्ड काढलं. पाकिटातलं नवंही काढलं. दोन्ही श्रेयससमोर फाडली. बारीक तुकडे होईपर्यंत.

"अहो मावशी, यात तर चांगलं लिहिलंय," तो म्हणाला.

"मले विचारून लिहिलं का?"

मी जिना उतरले.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या शुक्रवारी निर्मलानं फोनवर सगळं टिपलं होतं. मीच सांगितलं होतं. श्रेयसचा घाम, फाटलेले हातमोजे, बुटांवरचं पाणी, सगळं आहे. चौदा जणींच्या फोनमध्ये आहे. चहाच्या सुट्टीत आम्ही पाहतो अधूनमधून.

अनन्या मला भेटायला आली होती, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये. रडवेली. "मावशी, मी तेव्हा बोलायला हवं होतं. सॉरी. पण तो व्हिडिओ काढून टाका ना. त्याला फार अपमान वाटतोय."

"वाटू दे."

"तुम्हालाही वाटला होता ना? मग तुम्हाला तर कळायला हवं."

"कळते म्हणूनच ठेवला हाय."

ती गेली. चांगली पोरगी आहे. पण त्या दिवशी ती कागदात बघत राहिली, हे मी विसरणार नाही. माफी मागितली म्हणून माफ केलंच पाहिजे, असं मला कुणी शिकवू नये.

आता नवीन मशीन घ्यायची तर मेट्रन सिस्टर मला खरेदीच्या बैठकीला बोलावतात. पहिल्या बैठकीत माझ्यासाठी खुर्ची नव्हती. बाहेरून मी आणली. मधोमध लावली. एक साहेब म्हणाले, तुमचं मत तोंडी सांगा, आम्ही लिहून घेतो.

नाही म्हटलं. माझ्याबद्दल पुष्कळ लिहून झालं दुसऱ्यांचं. मी कागद ओढला आणि लिहिलं, हे मशीन आधी सगळ्या आया एक पूर्ण पाळी वापरतील, मग ठरेल. खाली पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, ठळक. ते मशीन नापास झालं. त्यानंतरचंही झालं. कंपन्यांची माणसं आता वॉर्डात शिरताना माझं नाव विचारून घेतात, आणि त्यांचा चेहरा थोडा उतरतो.

मला ते आवडतं. आणि जोवर हातात पेन धरता येतं, तोवर मी एकालाही सोडणार नाही.