मलमलीनं कोंडलेला एसी

अप्पांची मान कलंडली तेव्हा मी स्टुलावर उभी होते, एसीचं पुढचं झाकण उघडून. त्यांचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. त्यांचा मुलगा वसंत हाका मारत होता. अप्पा ओ देत नव्हते.

दाजीबानपेठेत खाली त्यांचं कापडाचं दुकान, वर घर. ऐन उन्हाळ्याची दुपार. डावी बाजू लुळी पडल्यापासून अप्पा वरच्या खोलीतच असत. डोक्यावर पत्रा. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेलं. एसी सकाळपासून चालू, पण वारा नाही, म्हणून मला बोलावलं. नवऱ्याच्या मागं फ्रिज-एसीचं काम मीच बघते.

झाकण उघडताच कारण दिसलं. दुकानातल्या कापडाचे तंतू उडून मशीन खराब होतं, म्हणून घरच्यांनी फिल्टरच्या जाळीवर मलमल ताणून बसवली होती. दुहेरी, कडा शिवून. जाळीतून हवा आत ओढली जाते आणि कॉइलवर गार होते. मलमल धुळीनं भरली, हवा अडली, कॉइलवर बर्फ धरला. वारा येईना म्हणून घरच्यांनी रिमोटवर तापमानाचा आकडा खाली आणला. बर्फ आणखी वाढला.

वसंत सुरी घेऊन आला, बर्फ खरवडतो म्हणाला. मी त्याचा हात धरला. कॉइलला भोक पडलं की गॅस गेला. कूलिंग बंद करून नुसता फॅन ठेवला की बर्फ आपोआप वितळतो, पण त्याला वेळ लागतो. अप्पांकडे तो नव्हता.

"एसी राहू दे. यांना खाली ने, दुकानातल्या फरशीवर निजव. आणि ॲम्ब्युलन्सला फोन लाव."

त्याची आई दारात आडवी आली. "फरशीवर? माणसाला जमिनीवर कधी घेतात, ठाऊक नाही तुला?"

"ठाऊक आहे, अक्का. माझ्या माणसाला मीच घेतला होता. पण खालची फरशी गार आहे, तेवढंच बघा."

अक्का हलेनात. गिऱ्हाईकं बघतील, म्हणाल्या, सगळ्या पेठेत होईल, संध्याकाळी माणसं भेटायला येतील.

"येऊ देत री. अप्पाच त्यांना चहा विचारतील. व्हा बाजूला."

त्या बाजूला झाल्या. वसंतनं आणि दुकानातल्या दोघा नोकरांनी चादरीत घालून अप्पांना खाली आणलं. गिऱ्हाईकं न सांगता उठली. वसंतनं कोऱ्या ताग्याचं कापड फाडून भिजवलं, मी ते अंगावर टाकलं आणि टेबलफॅन सोडला. अक्का तांब्या घेऊन आल्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका म्हटलं, तर तेच पाणी त्यांनी अप्पांच्या कपाळावर ओतलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ओतत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन मलमल उसवून काढली, कॉइल आणि वारा फेकणारा ब्लोअर धुतला. वारा पहिल्यासारखा लागला. वारा कमी झाला तर आधी फिल्टर काढून धुवा. त्यावर कापड लावू नका, ते कितीही उंची असलं तरी.

अप्पा वाचले.